मैदान कोठें बांधावें?

श्रोतेहो, राहतें घर बदलण्याचा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांवर केव्हां ना केव्हां आलेला असेल. जुन्या घराच्या तुळया वाळवीनें पोखरलेल्या असतात, जिना अंधारा असतो, पाहुणा आला तर त्यास बसवावयास धड जागा नसते. आणि तरीही नव्या जागेची गोष्ट निघाली कीं घरांत दोन पक्ष पडतात. आज ज्या वादाची हकीकत मी सांगणार आहें तो याच जातीचा आहे. मात्र येथें कुटुंब चाळीस हजार माणसांचें असून घर म्हणजे फुटबॉलचें एक मैदान आहे. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहराच्या एव्हर्टन क्लबनें आपलें नवें मैदान कोठें बांधावें, या एका प्रश्नावर त्या क्लबचे चाहते वीस वर्षांहून अधिक काळ आपसांत वाद घालीत होते. खेळांतले बारकावे मला फारसे कळत नाहींत. परंतु हा वाद मीं मोठ्या आवडीनें समजावून घेतला, कारण त्यांत चेंडूपेक्षां नागरिकत्वाचा प्रश्न अधिक आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. सेंट डोमिंगो नांवाच्या एका प्रार्थनामंदिराच्या मंडळींनीं १८७८ सालीं हा संघ काढला व पुढल्याच वर्षीं जवळच्या वस्तीवरून त्यास एव्हर्टन हें नांव दिलें. १८८४ पासून तो ॲनफील्ड येथील मैदानावर खेळूं लागला. त्या मैदानाचीं सूत्रें जॉन हूल्डिंग नामक बीअरच्या एका कारखानदाराच्या हातीं होतीं. संघाची भरभराट होऊं लागली तसें भाडें वाढत गेलें. मैदानावर खाद्यपेयें विकण्याचा हक्क कोणाचा, यावरूनही कुरबूर सुरू झाली. अखेर १८९२ सालीं बहुसंख्य सभासद जॉर्ज मॅहन यांच्या पुढारीपणाखालीं तेथून निघाले आणि स्टॅन्ली पार्क या बागेच्या पलीकडे, मैलभराच्या आंत, त्यांनीं गुडिसन पार्क हें नवें मैदान उभारलें. मागें रिकामें राहिलेलें मैदान पडून कां ठेवावें, म्हणून हूल्डिंगनें दुसरा एक संघ निर्माण केला. आज जगभर ज्याचें नांव झालें आहे तो लिव्हरपूल क्लब हाच. मुंबईच्या श्रोत्यांस यांत फारसें नवल वाटूं नये. ब्रेबोर्न मैदानाचे मालक व मुंबईची क्रिकेट असोसिएशन यांचें सामन्यांच्या जागांच्या वांटणीवरून बिनसलें, म्हणून तर तेथून जवळच वानखेडे मैदान उभें राहिलें व १९७५ च्या जानेवारींत तेथें पहिला कसोटी सामना झाला.

गुडिसन पार्क २४ ऑगस्ट १८९२ रोजीं उघडलें. तें कामकरी वर्गाच्या दाट वस्तींत आहे. चारही बाजूंस एकमेकांना भिंती लागून असलेलीं लहान घरें, आणि एका कोपऱ्यांत तर सेंट ल्यूक या संताचें चर्च इतकें चिकटून कीं स्टँडची रचना त्यास सांभाळून करावी लागली. १८ सप्टेंबर १९४८ रोजीं लिव्हरपूलशीं झालेला सामना पाहण्यास येथें ७८,२९९ माणसें जमलीं होतीं. १९२७-२८ च्या एका हंगामांत लीगच्या सामन्यांत साठ गोल करणारा डिक्सी डीन येथलाच. तो म्हातारपणीं, १ मार्च १९८० रोजीं, याच मैदानावर लिव्हरपूलशीं चाललेला सामना पाहत असतां मरण पावला. आणखी एक गोष्ट ऐकून आपणांस विस्मय वाटेल. आपल्याकडे मृताच्या अस्थि गंगेंत किंवा गोदावरींत सोडतात. एव्हर्टनच्या चाहत्यांनीं आपल्या आप्तांची रक्षा गुडिसनच्या मैदानाच्या कडेस पुरण्याची चाल पाडली. आठशेंहून अधिक माणसांची रक्षा तेथें आहे. पुढें जागाच उरली नाहीं, म्हणून २००४ सालीं ही चाल बंद करावी लागली. ज्या जमिनींत बापाची रक्षा आहे ती जमीन सोडून जा असें सांगणें किती अवघड, हें निराळें सांगावयास नको.

मग जावयाचें तरी कशाला? याचीं कारणें खरीं व ठोस होतीं. १९८९ च्या एप्रिलांत शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूल क्लबचे सत्याण्णव प्रेक्षक प्राणांस मुकले. त्यानंतर न्यायमूर्ति टेलर यांनीं १९९० सालीं दिलेल्या अहवालावरून वरच्या वर्गांतील सर्व क्लबांना उभें राहण्याच्या जागा काढून तेथें खुर्च्या बसवाव्या लागल्या. खुर्चीला उभ्या माणसाहून जागा अधिक लागते. तेव्हां गुडिसनमध्यें चाळीस हजारांच्या आंतबाहेरच माणसें मावूं लागलीं. पसरावें म्हटलें तर चहूंकडे घरें व कोपऱ्यांत देऊळ. जुनीं छपरें लोखंडी खांबांवर तोललेलीं. त्या खांबांमागें ज्याची खुर्ची येई त्यास पैसे भरून गोल ऐकावा लागे, पाहावयास मिळत नसे. आणि अलीकडे या खेळांत पैशाचा जो खेळ चालतो त्यांत मैदानाचें उत्पन्न हें एक मोठें साधन होऊन बसलें आहे. श्रीमंत पाहुण्यांसाठीं भोजनगृहें, स्वतंत्र दालनें, ज्यांच्या मैदानांत आहेत ते क्लब उत्तम खेळाडू घेतात. ज्यांच्या नाहींत ते मागें पडतात. 'गुडिसनच दुरुस्त करा' म्हणणारा एक गट शेवटपर्यंत होता. परंतु बहुतेकांस जाणें भाग आहे हें कळून चुकलें होतें. वाद होता तो कोठें जावयाचें याचा.

पहिलें स्वप्न किंग्ज डॉकचें. मर्सी नदीच्या कांठीं, शहराच्या अगदीं दर्शनी भागीं, ही जुन्या गोदीची मोकळी जागा. २००१ च्या सुमारास ती बहुतेकांस पसंत पडली. पण क्लबनें आपल्या वांट्याचे तीस दशलक्ष पौंड जमवावयाचे होते, ते जमेनात, व २००३ सालीं बेत मोडला. त्या जागीं पुढें एक मोठें सभागृह झालें. एव्हर्टनच्या लोकांच्या मनांत ही सल कायम राहिली, आणि पुढील वाद समजण्यास ती ध्यानांत ठेवली पाहिजे.

खरा वाद पेटला तो कर्बीवरून. कर्बी हें लिव्हरपूलच्या ईशान्येस, गुडिसनपासून चारपांच मैलांवरचें गांव. २००६ सालीं क्लबचे अध्यक्ष, नाट्यनिर्माते बिल केनराइट यांनीं नोझली बरोची नगरपालिका व टेस्को ही बलाढ्य दुकानदार कंपनी यांच्याशीं बोलणीं लावलीं. योजना अशी कीं टेस्कोनें तेथें प्रचंड दुकान व त्याभोंवतीं बाजारपेठ उभारावी, आणि त्या व्यवहाराच्या आधारानें पन्नास हजार प्रेक्षकांचें नवें मैदान क्लबला पुष्कळ कमी खर्चांत मिळावें. टेस्कोचे त्या वेळचे मुख्य अधिकारी सर टेरी लेही हे स्वतः एव्हर्टनचे जुने भक्त. वरवर पाहतां सोनें आणि सुगंध.

पण कर्बी लिव्हरपूलच्या हद्दीबाहेर आहे. एवढ्या एका गोष्टीवरून घराघरांत दोन तट पडले. बाप एका बाजूस, मुलगा दुसऱ्या. विरोधकांनीं 'एव्हर्टन आमच्या शहरांतच राहूं द्या' अशा अर्थाचें नांव धारण करणारी संघटना काढली. त्यांचें म्हणणें असें: शहरांत दोन क्लब आहेत, त्यांतला वडील आम्ही. आम्हीच शहर सोडून गेलों तर शहराचें नांव, शहराचा मान, सर्व कांहीं धाकट्याच्या पदरांत आपण होऊन घातल्यासारखें होईल. शिवाय हजारों माणसें सामन्याच्या दिवशीं पायीं, बसनें, आगगाडीनें गुडिसनला येतात. वाटेंतल्या ठरलेल्या गुत्त्यांत मित्र भेटतात. तो सारा दिवस म्हणजे सामना, नुसतीं नव्वद मिनिटें नव्हेत. कर्बीस एकुलती एक आगगाडीची वाट, आणि त्या वेळीं तर तेथें ती संपतच असे. पन्नास हजारांचा जमाव त्या लहानशा स्टेशनावरून परतावयाचा कसा? आणि मैदान एका अवाढव्य दुकानाशेजारीं, मोटारींच्या तळांमध्यें! किंग्ज डॉकच्या नदीकांठचें स्वप्न पाहिलेल्या माणसास हें रुचेल तरी कसें? क्लबच्या वांट्यास प्रत्यक्ष किती खर्च येणार, याचा आकडाही जसजशी चर्चा लांबली तसतसा वाढत गेला, व त्यानें संशयास खतपाणी मिळालें.

दुसऱ्या पक्षाचें उत्तरही ऐकण्यासारखें होतें. ते म्हणत, हद्द हद्द म्हणतां ती कोणी आंखली? कर्बीचीं बहुतेक घरें महायुद्धानंतर लिव्हरपूल नगरपालिकेनेंच बांधलीं. शहरांतल्या कोंदट चाळी पाडून तेथल्या माणसांना तिनेंच तिकडे धाडलें. त्या माणसांनीं आपली बोली बरोबर नेली, नातीं नेलीं, आणि निळा सदराही नेला. पिढ्यानुपिढ्या तीं माणसें गुडिसनला येत आहेत. एकदां क्लब त्यांच्याकडे गेला तर बिघडलें काय?

या वादांत विरोधकांना थोडें अडचणींत टाकणारी एक ऐतिहासिक गोष्ट आहे. गुडिसन पार्क ज्या वॉल्टन भागांत आहे तो भाग लिव्हरपूल शहरांत सामील झाला १८९५ सालीं; आणि क्लब तेथें गेला १८९२ सालीं. म्हणजे मॅहन व त्यांचे सोबती निघाले तेव्हां तेही शहराच्या हद्दीबाहेरच गेले होते! मूळच्या एव्हर्टन वस्तींत तर गुडिसन मुळींच नाहीं. तेव्हां 'आमचे पूर्वज कधीं वेस ओलांडून गेले नाहींत' हें म्हणणें टिकत नाहीं. यावर कोणी म्हणेल कीं त्या काळीं शहर पसरत होतें, मैदानाच्या मागोमाग तेंही येऊन पोंचलें. आतां तें कर्बीस येऊन पोंचण्याची आशा नाहीं. हेंही खरें. मला स्वतःला विरोधकांचा हद्दीचा मुद्दा भावनेनें पटतो, वाहतुकीचा बुद्धीनें पटतो, आणि इतिहासाचा मुळींच पटत नाहीं.

२००७ च्या ऑगस्टांत क्लबनें मतदान घेतलें. हंगामाचें तिकीट असलेले, भागधारक व क्लबच्या चाहते-मंडळाचे सभासद यांना मताचा अधिकार होता. पंचवीस हजारांवर मतें पडलीं. शेंकडा ५९ कर्बीस जाण्याच्या बाजूनें, शेंकडा ४१ विरुद्ध. निवडणुकीच्या मोजमापानें हा चांगला विजय होय. पण ज्याचा जन्म प्रश्नपत्रिका काढण्यांत गेला अशा माणसाची नजर उत्तराआधीं प्रश्नाकडे जाते. येथें प्रश्न होता एकाच जागेचा, आणि उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' यांतलें एक. दुसरी जागा मतपत्रिकेवर नव्हती. ऐन मतदानाच्या काळांत शहरांतल्याच एका जागेचा, बोगद्याच्या वळणरस्त्याजवळच्या जमिनीचा, विचार व्हावा म्हणून लिव्हरपूल नगरपालिकेच्या बाजूनें हालचाल झाली होती. परंतु क्लबचें म्हणणें, परवडण्याजोगी दुसरी योजना हातांत नाहीं. मुलाला 'गूळ हवा कीं कांहींच नको' असें विचारलें तर तो गूळच म्हणणार. त्यावरून त्यास साखर आवडत नाहीं असें ठरत नाहीं. शेंकडा ५९ मधील किती मतें कर्बीच्या प्रेमानें पडलीं आणि किती केवळ नाइलाजानें, हें त्या आंकड्यावरून कळणें शक्य नव्हतें. शिवाय कर्बीचे जे रहिवासी फुटबॉलशीं संबंध ठेवीत नव्हते त्यांना या मतदानांत आवाज नव्हता. त्यांतील कांहींचीं तर राहतीं घरेंच या योजनेसाठीं पाडावीं लागणार होतीं.

पुढें झालें तें दोन्ही पक्षांच्या अपेक्षेबाहेरचें. सरकारनें योजनेची सार्वजनिक चौकशी नेमली. ती २००८ च्या अखेरीस सुरू झाली. साक्षी झाल्या, नकाशे मांडले गेले. आणि नोव्हेंबर २००९ मध्यें मंत्री जॉन डेनहॅम यांनीं परवानगी नाकारली. कां? तर त्या योजनेंतील दुकानांचा पसारा इतका मोठा होता कीं आसपासच्या गांवांच्या बाजारपेठांस त्यानें धक्का बसला असता. शहराची हद्द, पूर्वजांची रक्षा, वडील भाऊ आणि धाकटा भाऊ, ज्यांवर लोक तीन वर्षें घसा कोरडा करीत होते त्यांतलें कांहींही निर्णायक ठरलें नाहीं. निकाल लागला शेजारगांवच्या दुकानदारांच्या गल्ल्यावरून. हें ऐकून कोणास हसूं येईल. पण नगररचनेच्या कायद्याचें काम तेंच आहे. मैदान एका क्लबचें असलें तरी त्याचा भार सगळ्या मुलखावर पडतो. फुटबॉलच्या मतदानांत ज्यांना मत नव्हतें त्यांचें म्हणणें अखेर या वाटेनें ऐकलें गेलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

जिंकलेल्या अल्पमतवाल्यांच्या हातीं मात्र कांहींच नव्हतें. जागा नाहीं, पैसा नाहीं. बहुमतवाले म्हणूं लागले, 'तुमच्या अभिमानापायीं दहा वर्षें फुकट गेलीं.' मध्यंतरीं, २०१४ सालीं, वॉल्टन हॉल पार्क या सार्वजनिक बागेंत मैदान बांधण्याची कल्पना निघाली. बाग जाणार म्हणून रहिवासी खवळले. दोन वर्षांनीं तीही बारगळली. २०१६ सालीं फरहाद मोशिरी या धनिकानें क्लबांत मोठा भाग घेतला, तेव्हां पुन्हा नदीकांठची भाषा ऐकूं येऊं लागली. जागा निवडली ब्रॅमली-मूर डॉकची. जेसी हार्टली या गाजलेल्या एंजिनिअरनें रचलेली, १८४८ सालीं उघडलेली ही दगडी गोदी गुडिसनपासून दोनएक मैलांवर, शहराच्या हद्दींत, थेट मर्सीच्या कांठीं. २०१९ सालीं लोकमत आजमावलें तेव्हां त्रेचाळीस हजारांच्या आसपास लोकांनीं उत्तरें दिलीं, व शेंकडा ९६ अनुकूल निघाले. ज्या शहरांत बारा वर्षांपूर्वीं एका घरांत दोन मतें होतीं तेथें हें एकमत! कर्बीच्या वेळीं 'होय' म्हणणारे व 'नाहीं' म्हणणारे यांची मूळ हौस एकच होती, इतकाच याचा अर्थ मीं घेतों.

परंतु या एकमताबाहेर दुसरे एक लोक होते, आणि त्यांच्याविषयीं एव्हर्टनकरांनीं फारसा विचार केला असें दिसत नाहीं. लिव्हरपूलच्या गोद्या युनेस्कोनें २००४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत घातल्या होत्या. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस हें बोरीबंदर स्टेशनही त्याच वर्षीं त्या यादींत आलें. मैदान बांधावयाचें म्हणजे गोदी भरून काढावी लागणार. इतिहासरक्षणाच्या सरकारी संस्थेनें हरकत घेतली. तरी नगरपालिकेनें फेब्रुवारी २०२१ मध्यें परवानगी दिली, आणि जुलैमध्यें युनेस्कोनें लिव्हरपूलचें नांव यादींतून काढून टाकलें. यादींतून सर्वस्वी वगळलेलें जगांतलें हें तिसरेंच स्थळ. नदीकांठच्या इतर टोलेजंग बांधकामांचाही या निर्णयाशीं संबंध होता, दोष एकट्या मैदानाचा नव्हे. आणि ती गोदी कित्येक वर्षें निरुपयोगी पडली होती हेंही विसरूं नये. परंतु कर्बीच्या वेळीं 'इतिहास, इतिहास' म्हणून ज्यांनीं हांक दिली त्यांनीं या वेळीं इतिहासाच्या दुसऱ्या एका तुकड्यावर वाळू ओतली, आणि आनंदानें ओतली. ही वाळू समुद्राच्या तळांतून काढून आणली होती. सुमारें चार लाख ऐशीं हजार घनमीटर. खालीं गोदीच्या जुन्या भिंती तशाच ठेवल्या आहेत, व पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा एकोणिसाव्या शतकांतला मनोराही जपला आहे.

खर्च सत्तर कोटी पौंडांच्या वर गेला. मध्यें क्लबची आर्थिक घडी इतकी विसकटली कीं खर्चाच्या मर्यादेचे नियम मोडल्याबद्दल २०२३-२४ च्या हंगामांत त्याचे गुण दोनदां कापले गेले. त्या हिशेबांच्या वादांत मैदानाच्या कर्जावरील व्याजाचाही प्रश्न होता. डिसेंबर २०२४ मध्यें मालक बदलले. कर्बीचे पक्षपाती 'स्वस्तांत मिळत होतें तें घेतलें नाहीं' असें म्हणत, त्याची आठवण पुष्कळांस या काळांत झाली असावी.

१८ मे २०२५ रोजीं गुडिसनवर पुरुषांच्या संघाचा शेवटचा सामना झाला. मैदान पाडून टाकावयाचा बेत पूर्वीं होता. तो रद्द होऊन तें आतां क्लबच्या महिला-संघास दिलें आहे, त्यामुळें कडेची ती रक्षा जेथल्या तेथें आहे. गोदीवरील नव्या मैदानांत ५२,७६९ माणसें बसतात, आणि दृष्टीआड येणारा खांब एकही नाहीं. तेथला लीगचा पहिला सामना एव्हर्टननें ब्राइटनविरुद्ध दोन गोलांनीं जिंकला. तारीख होती २४ ऑगस्ट २०२५. गुडिसन उघडल्याला त्याच दिवशीं एकशें तेहतीस वर्षें पूर्ण झालीं.

वाद संपला काय? मुळींच नाहीं. आतां तो सँडहिल्स स्टेशनवर गेला आहे. नव्या मैदानास जवळचें तें तेवढेंच स्टेशन, तेथून पाऊण मैल ते मैलभर चालावें लागतें, आणि सामना सुटल्यावर फलाटावर जाण्यास रांगेंत ताटकळावें लागतें. आजूबाजूस मोटारी उभ्या करण्यावर निर्बंध घातले म्हणून तेथले दुकानदार वेगळेच रागावले आहेत. कर्बीहून येणारी आगगाडी याच मार्गावर धांवते. तिकडची मंडळी पूर्वीं गुडिसनसाठीं कर्कडेल स्टेशनवर उतरत. आतां तीं एक स्टेशन पुढें जातात.